आधी टेकडी पाहा, मग भिंत रंगवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वन्यजीव सप्ताहातल्या चित्रकला स्पर्धांमध्ये पुण्यातली मुलं आजही सिंह, जिराफ आणि पेंग्विन काढतात. यात मुलांचा काही दोष नाही. हातात कागद, दीड तासाची मुदत, विषय ‘वन्यजीव वाचवा’, आणि शाळेमागच्या आंब्याच्या ढोलीत राहणारा पिंगळा त्याआधी कुणी दाखवलेलाच नसतो. मग पुस्तकात आणि मोबाइलवर जे दिसतं तेच कागदावर उतरतं. २ ते ८ ऑक्टोबरचा सप्ताह संपतो, प्रमाणपत्रं वाटून होतात, पण जवळच्या टेकडीवरच्या एकाही जिवाशी ओळख झालेली नसते.

शाळा, सोसायट्या, गणेश मंडळं, वाचनालयं एकत्र येऊन आपल्या भागातल्या वन्यजीवांचा चित्रोत्सव करू लागली आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र असे उपक्रम त्याच त्या दोन-चार जागी अडखळतात. चित्रकला आणि निसर्गनिरीक्षण या दोन्ही बाजूंनी आम्ही हे काम करत असल्यामुळे, ते कुठे अडतं आणि का, हे जरा तपशिलात लिहीत आहोत.

पहिला प्रश्न तारखेचा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा भिंत रंगवायला वाईट. परतीचा पाऊस गेलेला नसतो, भिंतींनी चार महिने पाणी प्यायलेलं असतं, आणि शाळांत सहामाहीची गडबड असते. राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची आणि १२ तारीख डॉ. सलीम अलींच्या. उत्सवाचा शेवट या सप्ताहात करावा. तोवर भिंती वाळतात, हवा कोरडी होते आणि सोलापूर रस्त्यावरच्या कवडीपाटला चक्रवाक बदकं उतरू लागलेली असतात. ज्या वर्षी दिवाळी याच आठवड्यात येते त्या वर्षी सरळ नोव्हेंबरचा शेवट धरावा. सुट्टीत मुलं गावी जातात आणि रंगवायला फक्त मोठी माणसं उरतात. वन्यजीव सप्ताह वाया जातो असं मात्र नाही. तो पाहण्यासाठी, टिपणं काढण्यासाठी ठेवावा.

कारण उत्सवाचं निम्मं काम भिंतीपासून लांब होतं. आठ-दहा जणांची एक तुकडी आणि तिच्याबरोबर पक्षी-कीटक ओळखणारा एक माणूस. वेळ सूर्योदयानंतरच्या दोन तासांची. कपडे मातकट रंगाचे. वेताळ टेकडी असो, तळजई असो की पाषाणचा तलाव, हौशी गट सगळीकडे एकच चूक करतात: चालत राहतात. वीस मिनिटं एका जागी गप्प बसलं की टेकडी आपणहून पुढे येते. सातभाईंचा थवा पाचोळा उलथत जवळ येतो, आणि त्यातला एक फांदीवर बसून राखण करत असतो. तो बराच वेळ हलत नाही, म्हणून नवख्या हाताला पहिलं चित्र त्याचंच काढायला द्यावं. पुठ्ठ्यावर रबरबँडने अडकवलेले कागद आणि टूबी पेन्सिल एवढं पुरे. खोडरबर देऊ नये. मुलं खोडत बसतात आणि पक्षी उडून जातो. एका रेखाटनाला अर्धा मिनिट द्यावा. शेजारी चार शब्द लिहावेत: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, शेपूट कशी, काय करत होता. एवढ्या टिपणावर पुढे जाणकाराला नाव सांगता येतं.

पिंगळ्याचंच उदाहरण घ्या. दिवसा तो ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला सापडतो. आपण थांबलो की मान खाली-वर करत टक लावून पाहतो. डोळे पिवळेजर्द, त्यांवर पांढऱ्या भुवया, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. मुलं घुबड म्हणून त्याच्या डोक्यावर दोन कान काढतात. कानांसारखे तुरे असतात ते शृंगी घुबडाला. पिंगळ्याचं डोकं गोल गरगरीत असतं. एकदा जवळून पाहिलेलं मूल ही चूक पुन्हा करत नाही.

कच्ची चित्रं जमली की ती भिंतीवर नेण्याआधी जाणकाराने तपासावीत, आणि या तपासणीला एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. सर्वांत जास्त चुका पायांच्या बोटांत होतात. पोपट, सुतार आणि तांबट यांची दोन बोटं पुढे आणि दोन मागे. चिमणी, साळुंकी, बुलबुल यांची तीन पुढे आणि एक मागे. त्यानंतर नर-मादीचा गोंधळ. काळा कुळकुळीत, लाल डोळ्याचा, आमराईत गाणारा तो कोकीळ. ठिपकेवाली तपकिरी ती कोकिळा. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द असताना चित्रात गल्लत का व्हावी? सुगरणीचा नर पिवळा असतो तो पावसाळ्यात, विणीच्या काळात. नोव्हेंबरच्या देखाव्यात पिवळाधमक पक्षी दाखवणं चूक. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके असतात. रंग देणारे हात हे नेमकं उलट करतात आणि पक्ष्याचं नावच पुसलं जातं.

शेकरू आपला राज्यप्राणी आणि भीमाशंकरचं अभयारण्य त्याचं घर, तेव्हा पुण्याच्या भिंतीवर त्याचा मान आहेच. पण त्याच्या पाठीवर पट्टे काढू नका. ते खारीच्या पाठीवर असतात. बिबट्याच्या जागी चित्ता काढण्याची चूक तर मोठमोठ्या फलकांवरही दिसते. बिबट्याच्या अंगावर आतून पोकळ दिसणारी ठिपक्यांची वर्तुळं असतात. चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. बिबट्याबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याने माणसं मारली आहेत, लेकरं गेली आहेत. त्या भागातून पुण्यात शिकायला आलेली मुलं आपल्या वर्गांत आहेत. बिबट्या रंगवायचा असेल तर उसाच्या फडासकट रंगवावा, आणि त्या भागातल्या एखाद्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी मुलांशी बोलायला बोलवावं. नुसता देखणा प्राणी म्हणून तो भिंतीवर आणणं त्या घरांवर अन्याय आहे.

फार जीव एका भिंतीवर कोंबू नयेत. तीसपेक्षा पाच बरे. ते एकमेकांच्या प्रमाणात असावेत. चिमणी मोरापेक्षा मोठी झाली की मुलाच्या मनात चुकीचं माप कायमचं बसतं. प्रत्येकाचं मराठी नाव मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून साडेतीन फुटांवर लिहावं.

आता भिंत. खर्च इथे होतो आणि नुकसानही इथेच होतं. समजा सोसायटीची तीस फूट लांब, आठ फूट उंच कुंपणभिंत आहे, म्हणजे २४० चौरस फूट. आधी ओल तपासा. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब धरले असतील तर थांबा. ओल्या भिंतीवर दिलेला रंग दोन-तीन महिन्यांत फुगतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. बोटाने तो फुगा दाबला की आतून पांढरं पीठ गळतं. हा लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, ते रंगाच्या मागे साठतात आणि रंगाला आतून ढकलतात. वरून कितीही भारी रंग द्या, उपयोग होत नाही. भिंतीमागे बागेची माती टेकलेली असेल तर ती भिंत सोडून दुसरी शोधावी. नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्यावेत.

भिंत कोरडी निघाली की पोपडे पत्रीने खरवडा, शेवाळ तारेच्या ब्रशने घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस वाळू द्या. भेगांत पांढऱ्या सिमेंटची लांबी भरा. घरातल्या भिंतीची अ‍ॅक्रिलिक लांबी बाहेर टिकत नाही. पहिल्याच पावसात मऊ पडते. त्यावर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, या मापाला साधारण तीन लिटर. मग पांढरा एक्स्टिरियर इमल्शन दोन हात, चार ते पाच लिटर. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या. डिस्टेंपर स्वस्त पडतो म्हणून बाहेर लावू नका, पावसात वाहून जातो.

रंगांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक स्टेनरची, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्याची. पांढऱ्या रंगात स्टेनरच्या बाटल्या ओतून गडद काळा, गडद तपकिरी करायचा प्रयत्न होतो. लिटरला तीसेक मिलिलिटरच्या पुढे स्टेनर गेला की रंग नीट धरत नाही, हात लावला की हाताला लागतो. फिके रंग स्टेनरने करा. काळा, तपकिरी, गडद हिरवा हे दुकानातून मशीनवर बनवूनच आणा, एकेक लिटर. चटकदार लाल-पिवळे उन्हात लवकर विटतात. गेरूसारखा ऑक्साइड लाल आणि मातकट पिवळा कितीतरी जास्त टिकतो, आणि आपल्या टेकड्यांचा रंगही तोच आहे. मिसळलेला रंग एकदाच, पुरेल इतका करून झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसऱ्यांदा केलेला तपकिरी पहिल्याशी कधीच जुळत नाही. पंखावर थिगळ दिसतं.

चित्र मोठं करायला चौकटींची पद्धत उत्तम: कागदावरचा एक इंच म्हणजे भिंतीवरचा एक फूट. चौकटी पांढऱ्या भिंतीवर निळ्या खडूने आखा. कोळसा आणि गेरू नको, दोन्ही वरच्या फिक्या रंगातून डोकावतात. बाह्यरेषा दोन सरावलेल्या हातांनी काढावी, प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक लिहावा आणि मग मुलांना भरायला द्यावं. तीस फुटांवर एका वेळी बारा जण, त्याहून जास्त नाही. पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी, पूर्वेच्या भिंतीवर दुपारनंतर काम करा. तापलेल्या भिंतीवर रंग ओढला जातच नाही, ब्रशच्या रेघा तशाच राहतात. सहा फुटांच्या वरचं काम मोठ्यांनीच, घोड्यावर (उभं राहायच्या उंच स्टुलावर) करावं. जमिनीलगतचा एक फूट चित्राला देऊ नका. तिथे गेरू रंगाचा सपाट पट्टा ओढा, जसा आपल्याकडे घरांना ओढत. पावसाचे चिखलाचे शिंतोडे त्यावर खपून जातात. ब्रश धुतलेलं पाणी गटारात नको. बादलीत रात्रभर निवळू द्यावं आणि तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात टाकावा.

भिंत म्हणजेच उत्सव, असंही नाही. पुण्याच्या पेठांत या कामाचे जाणकार पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत आणि त्यांना क्वचितच बोलावलं जातं, याचं आम्हांला वाईट वाटतं. तांबट पक्ष्याला तांबट का म्हणतात ते मुलांना कसब्यातल्या तांबट आळीत नेऊन ऐकवा. पत्र्यावर हातोडीचे ठोके पडतात तसाच त्याचा एकसुरी टुक्‌ टुक्‌ आवाज. एखाद्या कारागिराला योग्य मोबदला देऊन मठारकामाच्या (हातोडीने ठोकून केलेल्या) छोट्या थाळीवर हा पक्षी उठवून घेता येईल; हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर लाल. कुंभारवाड्यातून माती आणावी. बुरूड आळीतून कामट्या (बांबूच्या पट्ट्या) घेऊन शोभायात्रेसाठी घार बांधावी.

घारीचे पसरलेले पंख पाच फुटांच्या आसपास भरतात, तेव्हा ती खऱ्या मापाचीच करावी. कामट्या अर्धा इंच रुंद, सहा फुटी, एका घारीला आठ ते दहा. कोरडी कामटी वाकवताना मोडते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवावी. अगदी ओली वापरली तर वाळताना आकसते आणि गाठी सैल होतात. म्हणून बांधून झाल्यावर दोन दिवस सावलीत ठेवून गाठी पुन्हा आवळाव्यात. बांधायला सुती दोरा घ्यावा, नायलॉनचा मांजा कधीही नको. त्यावर २०१७ पासून बंदी आहे, आणि ज्या पक्ष्यांसाठी हा उत्सव त्यांचेच पंख त्याने कापले जातात. वर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा हातकागद किंवा जुनी सुती साडी खळीने चिकटवावी. शेपटीची मधली खाच विसरू नये. आभाळात घार ओळखायची ती त्या खाचेवरूनच. सगळं वजन अर्ध्या किलोच्या आत राहिलं तर दहा वर्षांचं मूल सहा फुटी काठीवर ती तासभर पेलू शकतं.

मुखवट्यांसाठी थर्माकोल आणू नका. २०१८ पासून राज्यात त्याच्या सजावटीला बंदी आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवात, कागदाच्या लगद्याचे मुखवटे असतात, तो रस्ता धरावा. त्यासाठी खळ अशी करा: एक वाटी मैदा आठ वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा, उतरवताना चमचाभर मेथीपूड घाला. मेथीने चिकटपणा वाढतो आणि किडा लागत नाही. मुलांच्या खळीत मोरचूद घालू नये, ते विषारी आहे. मातीच्या साच्याला तेलाचा हात लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे सहा थर द्यावेत, पण दर दोन थरांनंतर एक पूर्ण दिवस वाळवावं. घाईने सहाही थर एकदम दिले की बाहेरून कडक, आतून ओला मुखवटा होतो, आणि चौथ्या दिवशी आत काळी बुरशी दिसते. डोळ्यांची भोकं ऐसपैस ठेवावीत, मुलं शोभायात्रेत ठेचकाळतात.

रांगोळी काढणाऱ्यांसाठी एवढंच: दहा फूट बाय दहा फुटांच्या गालिच्याला बारा ते पंधरा किलो रांगोळी लागते. ती सिमेंटच्या किंवा फरशीच्या अंगणात काढावी, टेकडीच्या मातीवर नाही, आणि संपल्यावर झाडून गोळा करावी. मिसळून झालेला करडा रंग पुढच्या वर्षी जमिनीचा रंग म्हणून चालतो.

दिवाळीचे किल्ले तर या उत्सवाची आयती जागा. मावळे असतात, गुहेत वाघ असतो. त्याच्या जोडीला कड्यावर मातीची घोरपड, सड्यावर (खडकाळ पठारावर) गळ्याचा पंखा फुलवलेला सरडा ठेवावा. या पंखावाल्या सरड्यांतल्या जवळच्या जातींच्या एका गटाचं (इंग्रजीत ‘जीनस’) शास्त्रीय नाव २०१६ साली आपल्या मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ असं ठेवलं गेलं. मुलांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उजळतो.

काही गोष्टी मात्र उत्साहाच्या भरातही करू नयेत. पिसं, घरटी, अंडी जमवून प्रदर्शनात मांडू नयेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्यावर कडक बंधनं आहेत. सुगरणीचं ‘रिकामं’ घरटंही काढू नये, जुन्या घरट्यांत मुनिया राहायला येतात. साप दाखवणारे, पिंजऱ्यातला पोपट आणणारे यांना बोलावू नये. फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ आणू नये. तो हद्दीच्या भांडणासाठी धावत येतो आणि विणीच्या दिवसांत घरटं उघडं पडतं. टेकडीवरचे खडक रंगवू नयेत, झाडांच्या बुंध्यांना रंग आणि खिळे नकोत. दिव्यांची रोषणाई आणि ढोल टेकडीच्या पायथ्यापासून दूर ठेवावेत.

राहिली भागीदारी. मंडळांचे कार्यकर्ते अनंत चतुर्दशीनंतर मोकळे होतात. मांडव, वीज, पाणी, चहा, गर्दी सांभाळणं यांत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. शाळेने मुलं आणि वेळ द्यावा. वाचनालयाने कच्च्या चित्रांचं प्रदर्शन भरवावं, कारण ती अर्ध्या मिनिटाची रेखाटनंच या उत्सवाचा खरा ऐवज आहेत. टेकडीवर वनखात्याची जागा असेल तर त्यांची परवानगी आधी घ्यावी, आणि स्थानिक वनरक्षकाला उद्घाटनाला नाही, पहिल्या फेरीला बोलवावं. टेकडी त्याला ठाऊक असते. भिंतीच्या मालकाची लेखी संमती हवीच, विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा लक्षात ठेवावा. भिंत कोणाची, रंगाचे पैसे कोणाचे, दोन वर्षांनी पुन्हा हात कोण देणार, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही करावी. जमलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. नावांचे फलक चित्राबाहेर, एकाच ओळीत, सारख्या अक्षरांत असावेत. यावरून भागीदार जितके दुरावतात तितके पैशांवरूनही दुरावत नाहीत.

आणि स्पर्धा नको. पहिला-दुसरा क्रमांक काढला की पुढच्या वर्षी पन्नास मुलं कमी येतात. त्याऐवजी प्रत्येक मुलाने पाहिलेल्या एका जिवाचं नाव, ठिकाण आणि तारीख त्याच्या चित्राखाली लिहावी. दहा वर्षं असं केलं तर त्या टेकडीची एक नोंदवहीच तयार होईल.

गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी बैठक बोलवायची असेल, तर तिच्यापुढे एकच विषय ठेवावा: आपल्या प्रभागात राहणाऱ्या बारा जिवांची यादी. भिंत, रंग, पाहुणे, बॅनर हे दुसऱ्या बैठकीत.

आपले नम्र,
चित्रकार व निसर्गनिरीक्षकांचा एक गट,
पुणे